मायक्रोप्रोसेसर घडविणारा अभियंता आणि आपली मुले

(टेंभुर्णी येथे वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

 

वर्षावासाच्या या तीन महिन्यांत आपल्या विहारात धम्मग्रंथाचे वाचन होते, शील आणि प्रज्ञा यांवर प्रवचने होतात. अशा ठिकाणी मायक्रोप्रोसेसर हा विषय काहींना विचित्र वाटेल. परंतु आपण ज्या प्रज्ञेचे गुणगान करतो, ती प्रज्ञा आजच्या जगात कोठे कोठे कामाला लागली आहे आणि तेथे आपली मुले का दिसत नाहीत, हा प्रश्न विहारात नाही विचारायचा तर कोठे विचारायचा? मी काही अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि बँकेत कारकुनी करतो. पण ज्या यंत्रापुढे माझा सारा दिवस जातो, त्याच्या पोटात काय आहे हे जाणून घेण्याची हौस मला आहे. त्या हौसेपोटी जे वाचले आणि समजले, ते आपल्या भाषेत सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

मायक्रोप्रोसेसरला संगणकाचा मेंदू म्हणण्याची पद्धत आहे. मला ही उपमा पटत नाही. मेंदू स्वतःहून विचार करतो. नखाएवढा हा सिलिकॉनचा तुकडा स्वतःहून काहीच करीत नाही. त्याला कारकून म्हणणेच योग्य. कारकुनापुढे व्हाउचर येते. तो ते उचलतो, वाचतो, जमा की नावे ते पाहतो, खात्यात नोंद करतो आणि पुढचे व्हाउचर उचलतो. मायक्रोप्रोसेसरही नेमके हेच करतो. स्मृतीतून एक आज्ञा उचलायची, तिचा अर्थ लावायचा, बेरीज-वजाबाकी किंवा तुलना करायची, उत्तर जागेवर ठेवायचे, मग पुढची आज्ञा. फरक फक्त वेगाचा. तुमच्या खिशातल्या साध्या मोबाईलमधला हा कारकून एका सेकंदात अब्जावधी ठोक्यांवर चालतो आणि न थकता चालतो.

हे काम तो कशाने करतो? अतिशय बारीक विद्युत बटणांनी. या बटणाला ट्रान्झिस्टर म्हणतात. बटण चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य. ही बटणे एकमेकांस जोडून नियम तयार करतात. बँकेतील जोडखात्याचा नियम सर्वांना माहीत आहे. काही खात्यांत पैसे काढायला दोघांच्याही सह्या लागतात, काही खात्यांत दोघांपैकी कोणा एकाची चालते. चिपच्या आत हेच दोन नियम लाखो वेळा कोरलेले असतात: ‘दोन्ही असतील तरच’ आणि ‘कोणतेही एक असले तरी’. तिसरा नियम आहे उलटापालटीचा, म्हणजे एकाचे शून्य आणि शून्याचे एक करण्याचा. या तीन नियमांतून सारी गणिते उभी राहतात. कारण असेल तर कार्य होईल, कारण नसेल तर होणार नाही. मध्ये दैव नाही, नवस नाही, मुहूर्त नाही. कार्यकारणभाव शिकविणाऱ्या धम्माच्या उपासकाला हे शास्त्र परके वाटण्याचे कारण नाही.

आता अभियंत्याचे काम पाहू. आमच्या शाखेत पेन्शनच्या दिवशी गर्दी होते. एकाच माणसाने टोकन द्यायचे, सही पडताळायची आणि पैसेही मोजायचे म्हटले तर रांग दारापर्यंत जाईल. म्हणून तिघे तीन कामे करतात आणि एकाच वेळी तीन पेन्शनर पुढे सरकत असतात. कॅशियर थोडी रोकड ड्रॉवरमध्ये ठेवतो, कारण प्रत्येक वेळी स्ट्राँगरूम उघडणे परवडत नाही. जुना खातेदार दारात दिसला की अनुभवी माणूस त्याचे काम आधीच काढून ठेवतो. अंदाज चुकला तर परत ठेवतो. मायक्रोप्रोसेसरचा आराखडा करणारा अभियंता हेच प्रश्न सोडवीत असतो. कामाचे टप्पे किती करावे, हाताशी स्मृती किती ठेवावी, पुढची आज्ञा कोणती येईल याचा अंदाज कसा बांधावा, आणि हे सर्व करताना वीज कमी कशी लागेल व चिप तापणार कशी नाही.

हे काम एकट्याचे नसते. प्रथम काही ज्येष्ठ अभियंते एकूण रचना ठरवितात. मग दुसरे अभियंते ती रचना व्हेरिलॉगसारख्या खास भाषेत लिहून काढतात. तिसरा गट त्या लिखाणात चुका शोधतो. चौथा गट प्रत्यक्ष जमिनीचा नकाशा करावा तसा चिपचा नकाशा करतो. कोणता भाग कोठे, तारा कोठून न्यायच्या, वीज कशी पोहोचवायची हे ठरवितो. नंतर तो नकाशा कारखान्यात जातो आणि काही महिन्यांनी चिप हातात येते. मोठ्या मायक्रोप्रोसेसरला कल्पनेपासून बाजारापर्यंत तीन-चार वर्षे सहज लागतात. नव्याने लागलेला अभियंता बहुधा एका लहानशा भागाच्या तपासणीपासून सुरुवात करतो. पुढे पूर्ण भाग, मग पूर्ण गट, आणि पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवानंतर संपूर्ण रचना ठरविण्याचा मान मिळतो. ही चिकाटीची नोकरी आहे.

जगातील पहिला व्यापारी मायक्रोप्रोसेसर अमेरिकेतील इंटेल कंपनीने नोव्हेंबर १९७१ मध्ये बाजारात आणला. त्याचे नाव ४००४, आणि त्यात सुमारे २३०० ट्रान्झिस्टर होते. तो मुळात एका जपानी कंपनीच्या हिशेबयंत्रासाठी बनविला होता. त्याच्या निर्मात्यांत मासातोशी शिमा नावाचा जपानी तरुण होता आणि तो शिकला होता रसायनशास्त्र. त्या विषयात नोकरी मिळेना म्हणून हिशेबयंत्राच्या कंपनीत गेला आणि तेथून या विद्येत शिरला. दाराशी जन्माचा दाखला मागितला जात नव्हता. तर्क आणि मेहनत मागितली जात होती.

आपल्या महाराष्ट्राच्या मातीत जन्मलेल्या एका अभियंत्याची वाटचाल थोडी तपशिलाने सांगतो. विनोद धाम यांचा जन्म १९५० साली पुण्यात झाला. कुटुंब फाळणीत रावळपिंडीकडून घरदार सोडून आलेले. शिक्षण दिल्लीत झाले. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९७१ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. पुढे दिल्लीतीलच सेमीकंडक्टर बनविणाऱ्या एका कंपनीत नोकरी धरली. येथे जरा थांबा. घरात पगार सुरू झाला होता. आपल्याकडे मुलगा या टप्प्याला पोहोचला की आपण पेढे वाटतो आणि स्थळे पाहू लागतो. धाम यांनी मात्र काही वर्षांनी पुन्हा वही-पेन हाती घेतले. १९७५ मध्ये ते अमेरिकेतील सिनसिनाटी विद्यापीठात गेले. खिशात आठ डॉलर होते असे ते सांगत. १९७७ मध्ये पदव्युत्तर पदवी मिळविली, एका कंपनीत स्मृतिचिपांवर काम केले आणि १९७९ मध्ये इंटेलमध्ये अभियंता म्हणून रुजू झाले.

इंटेलमध्ये ते फ्लॅश मेमरीच्या तंत्राचे एक सहसंशोधक ठरले. आज पेनड्राईव्हमध्ये जी स्मृती असते तिच्या जातीचे ते तंत्र. मग ३८६ आणि ४८६ या मायक्रोप्रोसेसरांची कामे केली आणि पुढे पेन्टियमच्या निर्मितीचे नेतृत्व केले. पेन्टियम मार्च १९९३ मध्ये बाजारात आला. त्यात ३१ लाख ट्रान्झिस्टर होते. बँकेच्या भाषेत सांगायचे तर एका खिडकीऐवजी दोन खिडक्या उघडून एका ठोक्यात दोन आज्ञा निकालात काढण्याची सोय त्यात होती. लोक धाम यांना पेन्टियमचे जनक म्हणू लागले. अर्थात तो शेकडो अभियंत्यांच्या श्रमांचा परिपाक होता. १९९५ मध्ये त्यांनी इंटेल सोडली, नेक्सजेन या छोट्या कंपनीत गेले. ती एएमडीने विकत घेतली आणि १९९७ मध्ये के-६ हा पेन्टियमचा प्रतिस्पर्धी प्रोसेसर बाजारात आला. स्पर्धा झाली की किंमत उतरते. संगणक सामान्यांच्या आवाक्यात येण्यास अशा स्पर्धेचा हातभार लागला. २०२५ मध्ये भारत सरकारने धाम यांना पद्मभूषण जाहीर केले.

धाम आपल्या समाजातले नव्हेत, त्यांच्या अडचणी आपल्या अडचणी नव्हत्या, हे मला मान्य आहे. मी त्यांच्या आयुष्यातला एकच भाग तुमच्यापुढे ठेवतो. पहिल्या पगारापाशी ते थांबले नाहीत.

याच पेन्टियमची दुसरी गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी. १९९४ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले गणिताचे एक प्राध्यापक थॉमस नायसली यांना आपल्या गणितांची उत्तरे जुळेनात. त्यांनी आपला प्रोग्रॅम तपासला, दुसरी यंत्रे तपासली आणि शेवटी चूक पेन्टियमच्या भागाकारात आहे असे निष्पन्न झाले. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागले तर १.३३३८२ यायला हवे, ते १.३३३७४ येई. कारण काय? भागाकारासाठी चिपमध्ये १०६६ नोंदींचा एक तक्ता होता, त्यातील पाच नोंदी भरायच्या राहून गेल्या होत्या, असे कंपनीच्या अहवालात म्हटले होते. कंपनीने आधी चूक किरकोळ असल्याचे सांगितले, पण ग्राहक ऐकेनात. डिसेंबर १९९४ मध्ये मागेल त्याला चिप बदलून देण्याचे जाहीर करावे लागले आणि ४७ कोटी ५० लाख डॉलरचा भुर्दंड सोसावा लागला.

आमच्या खतावणीत चूक झाली तर उलटी नोंद करून ती दुरुस्त करता येते. सिलिकॉनवर कोरलेली चूक पुसता येत नाही. म्हणून या व्यवसायात आराखडा करणाऱ्यांइतकेच, किंबहुना अधिक, मनुष्यबळ तपासणीवर लावतात. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने शंका घ्यायची. ज्येष्ठाने केले म्हणून बरोबर, आजवर चालले म्हणून बरोबर, असे येथे चालत नाही. कालामांना तथागतांनी जो उपदेश केला, त्याचा आशय आपण विहारात ऐकतो. चिपची तपासणी करणारा अभियंता तो रोज कामात वापरतो. ज्या मुलाला घरी ‘फार प्रश्न विचारतोस’ म्हणून गप्प बसवले जाते, तो या कामाला लायक असण्याचा संभव आहे. त्याला गप्प बसवू नका.

आता लिन कॉनवे यांच्याविषयी. १९६० च्या दशकात आयबीएम या कंपनीत त्यांनी वेगवान संगणकाच्या रचनेवर महत्त्वाचे काम केले. जन्माच्या वेळी त्यांची नोंद पुरुष म्हणून झाली होती. त्यांनी स्त्री म्हणून जगण्याचा निर्णय घेतला, तेव्हा १९६८ मध्ये त्यांना कामावरून काढून टाकण्यात आले. त्यांनी नव्या नावाने, आधीचे सर्व श्रेय मागे टाकून, अगदी खालच्या पायरीपासून पुन्हा सुरुवात केली. कोणी ओळखेल या धास्तीने कित्येक वर्षे आपला भूतकाळ लपवून ठेवला. शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव सांगताना अडखळणारी आपली माणसे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या धास्तीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

अशा अवस्थेत या बाईंनी केले काय? तोवर चिप डिझाइनची विद्या मोजक्या कंपन्यांतील मोजक्या तज्ज्ञांपाशी होती. कॉनवे आणि प्राध्यापक कार्व्हर मीड यांनी तिचे नियम इतके सोपे करून मांडले की महाविद्यालयीन विद्यार्थी स्वतःची चिप आखू लागला. १९७८ मध्ये त्यांनी एमआयटी या संस्थेत तसा वर्ग घेतला, १९७९ मध्ये डझनभर विद्यापीठांतील विद्यार्थ्यांचे आराखडे एकत्र करून त्यांच्या चिपा बनवून दिल्या, आणि १९८० च्या सुमारास त्यांचे पाठ्यपुस्तक जगभर पोहोचले. आयबीएमने २०२० मध्ये, बावन्न वर्षांनी, त्यांची माफी मागितली. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. जिला दाराबाहेर काढले तिने पुढे सर्वांसाठी दार उघडले. महाडच्या तळ्याचा वारसा सांगणाऱ्यांनी अशा माणसांची नावे आपल्या मुलांना सांगितली पाहिजेत.

हे सारे अमेरिकेत घडले, आपल्याकडे काय, असे कोणी विचारील. आपल्याकडेही घडते आहे. मुंबईत पवईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक माधव देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘अजित’ नावाचा मायक्रोप्रोसेसर आखला. २०१९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. शेकडो माणसांचा ताफा नव्हता. एक लहानसा संशोधक गट होता. त्यांनी स्पार्क नावाचा खुला आज्ञासंच घेतला, रचना स्वतः केली, आणि चिप प्रत्यक्ष बनली ती चंदीगडजवळ मोहालीच्या सरकारी सेमीकंडक्टर प्रयोगशाळेत, १८० नॅनोमीटरच्या तंत्राने. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ऐंशी हजार नॅनोमीटर असते, यावरून या कामाचा बारीकपणा ध्यानात यावा. परदेशात याहून कितीतरी बारीक काम होते, हे खरे. पण वीजमीटर, सिग्नल, यंत्रांचे नियंत्रण अशा कामांना सर्वांत बारीक चिप लागत नाही; भरवशाची लागते. त्याच मोहालीच्या प्रयोगशाळेत अवकाशयानांसाठी ‘विक्रम’ हा मायक्रोप्रोसेसर २०२५ मध्ये तयार झाला. त्याआधी २००८ मध्ये इंटेलचा सहा गाभ्यांचा एक मोठा प्रोसेसर मुख्यत्वे बेंगळुरूच्या अभियंत्यांनी आखला होता. आज पुणे, बेंगळुरू, हैदराबाद, नोएडा येथे हजारो अभियंते हेच काम करतात. २०२१ च्या अखेरीस केंद्र सरकारने ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना जाहीर केली आणि चिप डिझाइनमध्ये ८५ हजार मनुष्यबळ तयार करण्याचा कार्यक्रमही हाती घेतला. या पंच्याऐंशी हजारांत जाफ्राबाद तालुक्याची किती मुले असतील, हा आपला प्रश्न आहे.

वाट कशी आहे ते आता क्रमाने सांगतो. ज्या पालकांची मुले आठवी-नववीत आहेत त्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण या वाटेचे पहिले दार तेथेच आहे. ते दार म्हणजे गणित. गणितात मागे पडलेला मुलगा दहावीनंतर आपोआप विज्ञानापासून दूर जातो. पुढे कितीही शिष्यवृत्त्या असल्या तरी त्या त्याच्या उपयोगी पडत नाहीत. दहावीनंतर दोन रस्ते आहेत. एक, विज्ञान शाखेतून बारावी, प्रवेश परीक्षा आणि अभियांत्रिकी. दुसरा, तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आणि तेथून थेट अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. दुसरा रस्ता आपल्या खेड्यांतील मुलांना पुष्कळदा सोयीचा पडतो. शाखा इलेक्ट्रॉनिक्स, विद्युत किंवा संगणक यांपैकी असावी. छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय, नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंघजी अभियांत्रिकी संस्था ही आपल्या मराठवाड्यातच आहेत.

पण या व्यवसायात बी.ई. हा बहुधा अर्धाच रस्ता असतो. त्यानंतर गेट ही परीक्षा देऊन एम.टेक. केले, तर चिप डिझाइनचे दार खऱ्या अर्थाने उघडते. गेट उत्तीर्ण होऊन एम.टेक.ला पूर्णवेळ प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. म्हणजे घरावर भार न टाकता ती दोन वर्षे निघू शकतात. हे आपल्या पालकांना ठाऊक नसते आणि म्हणून मुलाला सांगितले जाते, ‘बस झाले शिक्षण, आता कुठेही चिकट.’ माझी हात जोडून विनंती आहे की, तेवढी दोन वर्षे त्याला द्या, तिला द्या.

आता पैशाचे आणि कागदांचे, कारण तो माझा रोजचा प्रांत आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. त्यावर असेल तर फ्रीशिपची सवलत आहे. आयआयटीत बी.टेक.ला आपल्या मुलांना शिकवणी शुल्क माफ आहे. वसतिगृहात जागा न मिळाल्यास स्वाधार योजना आहे. परदेशी शिक्षणासाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे आणि केंद्राचीही आहे. परंतु पैसे मंजूर होऊनही हातात पडत नाहीत असे मी खिडकीवर वारंवार पाहतो. बहुतेक वेळा कारण एकच असते. शिष्यवृत्ती आधार जोडलेल्या खात्यात जाते, आणि विद्यार्थ्याचा आधार दुसऱ्याच कोणत्या तरी जुन्या खात्याला जोडलेला असतो. पोर इकडे पासबुक भरून पाहते, पैसे तिकडे पडून असतात. म्हणून अकरावीला प्रवेश घेतला की बँकेत जाऊन आधार कोणत्या खात्याला जोडला आहे ते विचारून घ्या. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत लांबवू नका, अकरावीतच करा. शैक्षणिक कर्ज लागलेच तर साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, हेही लक्षात असू द्या. आणि चार महिन्यांत चिप डिझायनर बनवून हमखास नोकरी देतो असे सांगून लाखभर रुपये आधी मागणारे वर्ग निघाले आहेत. त्यांच्या नादी लागून शेत गहाण टाकू नका. ही विद्या चार महिन्यांची नव्हे.

शिकण्याची साधने आज पुष्कळशी फुकट आहेत. आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने एनपीटीईएलवर मोबाईलवर पाहता येतात. २०१० मध्ये अमेरिकेतील बर्कले विद्यापीठात रिस्क-फाइव्ह नावाचा आज्ञासंच सुरू झाला, तो सर्वांना खुला आहे. त्यावर आधारलेला ‘शक्ती’ प्रोसेसर आयआयटी मद्रासने केला. साध्या संगणकावर फुकट प्रणाली घेऊन एखादा विद्यार्थी स्वतःचा लहानसा प्रोसेसर लिहून चालवून पाहू शकतो. हे पाणवठे खुले झाले आहेत. पाण्यापर्यंत चालत जाण्याचे काम आपले आहे.

काही ज्येष्ठ म्हणतील, खाजगी कंपन्यांत आरक्षण नाही, तेथे आपल्या पोरांना कोण विचारतो? सरकारी नोकरी बरी. त्यांची शंका मी हसण्यावारी नेणार नाही. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही हे खरे आहे आणि तेथे भेदभाव होतच नाही असेही मी म्हणणार नाही. ती लढाई संघटनेने लढावी लागेल. पण दुसरी बाजूही पाहा. सरकारी आणि बँकेच्या नोकऱ्यांनी आपल्या दोन पिढ्या उभ्या केल्या, मीही त्याच अन्नावर आहे. आता त्या खुर्च्या कमी होत आहेत. खतावणी, टोकन, पासबुकातील हाताने केलेल्या नोंदी, ही चार माणसांची कामे आज यंत्र करते. ज्या यंत्राने कारकुनाच्या खुर्च्या कमी केल्या, ते यंत्र घडविणाऱ्यांच्या खुर्च्या मात्र वाढल्या. आपण आपल्या मुलांना रिकाम्या होत चाललेल्या खोलीकडे पाठवत राहायचे की भरत चाललेल्या, याचा निर्णय आपल्या घरात व्हायचा आहे. प्रत्येक मूल चिपचा अभियंता होणार नाही, व्हावेच असेही नाही. पण ज्याच्या अंगी ती कुवत आहे, तो केवळ कोणी सांगितले नाही म्हणून राहून जाऊ नये.

बाबासाहेबांनी हे ऐंशी वर्षांपूर्वी ओळखले होते. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना, ऑक्टोबर १९४२ मध्ये, त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले. कला आणि कायदा यांच्या शिक्षणाने आपल्या लोकांचे फारसे भागणार नाही, विज्ञान आणि तंत्रविद्या यांचे उच्च शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्याचा खर्च सरकारने उचलला पाहिजे, असा त्यांचा आशय होता. १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या मुलांच्या खात्यात जो पैसा जमा होतो त्याचे मूळ तेथे आहे. ध्यानात घ्या, सांगणारे बाबासाहेब स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर होते. १९५० मध्ये त्यांनी आपल्या मराठवाड्यात, औरंगाबादला, महाविद्यालय काढले, तेही याच तळमळीने. धम्मस्वीकारानंतरच्या पिढ्यांनी कला आणि साहित्यात नाव काढले, शिक्षक झाले, वकील झाले, अधिकारी झाले. त्या १९४२ च्या मागणीचा तंत्रविद्येचा भाग मात्र अजून पुरता फळाला यायचा आहे.

शेवटी संस्थेपुढे तीन सूचना ठेवतो. पहिली, विहारात रोज संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुला-मुलींसाठी एक तास गणिताचा असावा. गावात शिकलेली माणसे आहेत, त्यांनी वार वाटून घ्यावेत. दुसरी, प्रत्येक जून महिन्यात दाखले, वैधता, आधार आणि शिष्यवृत्ती यांच्या कागदांसाठी एक दिवसाचे शिबिर घ्यावे. बँकेचे जेवढे असेल तेवढे काम मी आनंदाने करीन. तिसरी, बी.ई. झालेल्या आणि गेट देऊ इच्छिणाऱ्या मुलांच्या परीक्षा-शुल्कासाठी व पुस्तकांसाठी जयंतीच्या वर्गणीतून ठराविक रक्कम बाजूला काढावी. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात कितीतरी मुलांचे अर्ज भरून होतील. यात मुलींना आधी स्थान द्यावे. तिचे लग्न दोन वर्षांनी झाले तरी चालेल. गणित सुटले तर ते पुन्हा धरणे फार अवघड जाते.

चिपमध्ये लाखो बारीक बटणे असतात. त्यांतले एक चुकले तर भागाकार चुकतो, आणि सर्वांनी आपापल्या जागी काम केले तर नखाएवढा तुकडा जगाचा कारभार चालवितो. आपल्या वस्तीतले प्रत्येक घर तसेच आहे. एका घराने एका मुलीला गणिताच्या तासाला पाठविले, तरी आजच्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे मी मानीन.